नळाखालून ओढलेला हात

"काय म्हणालीस? माझ्या चंद्री गायीचा इटाळ झाला व्हय?" सारजाबाईंनी नातीचा शेणानं माखलेला हात नळाखालून असा काही ओढला, की साबण थेट गव्हाणीत जाऊन पडला...

सायली पुढे झाली. मुळशीतल्या या घरात सून म्हणून येऊन तिला सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं तिच्या शब्दाला शेणाच्या पाटीइतकंही वजन नव्हतं! "आत्या, इटाळ नाही हो... चंद्रीच्या वासराला हगवण लागलीय. पिंकी त्यालाच कुरवाळत होती. हात धुतल्याशिवाय तिला खाऊ देऊ नका, पाया पडते!"

"गायीला शिवून हात धुवायचं? आमची चार पोरं ह्याच गोठ्यात वाढली!"

पाचवं वाढलं नव्हतं. पण तो विषय घरात निघत नसे.

आणि सारजाबाईंनी पिंकीच्या त्याच तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

चौथ्या दिवशी पोरीला रक्ताची हगवण लागली. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लघवी थांबलीय, मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. वासराकडून जंतू गेले असावेत. हात धुतले नव्हते का?"

पिंकीची आई उषा, सारजाबाईंची एकुलती लेक, वाघिणीसारखी उसळली. "माहेरी विश्वासानं ठेवली होती पोर! कुणाची चूक? त्याचं तोंड जन्मात बघणार नाही मी!"

सारजाबाई पांढऱ्याफटक पडल्या. सायलीच्या अंतःकरणात सहा वर्षांचा संताप उकळत होता... एकच वाक्य, फक्त एक! पण लेक तुटली तर ही म्हातारी जगेल कशी?

"वन्सं, चूक माझी. माझं लक्ष नव्हतं."

उषानं तिला नाही नाही ते सुनावलं. सायलीनं खालमानेनं ऐकून घेतलं, सराव होताच.

"गप गं, खोटारडे!" सारजाबाई कडाडल्या. "मला उपकारात ठेवतीस व्हय? उषे, म्याच वढला पोरीचा हात नळाखालनं! ही पाया पडत हुती माझ्या... बघू नगंस माझं तोंड!"

उषानं पाठ फिरवली. तास गेला, दीड तास गेला... आणि नर्स धावत आली, "लघवी झाली!"

इतकी मंगल वार्ता त्या घराण्यात आजवर कुणी इतक्या मोठ्यानं सांगितली नव्हती! उषानं न बोलता आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. सारजाबाईंनी सुनेपुढे हात जोडले. "पोरी, चुकले."

"चुकलातच!" सायली आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. "जीव गेला असता पोरीचा! सहा वर्षं... एक शब्द ऐकला नाहीत माझा!"

"वरड," सारजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजून वरड, बाई... तुझंबी लई दिसांचं तुंबलंय."