गटाराच्या पुस्तकातला ड्रॅगन

आता मी जे सांगणार आहे त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! माझं काही अडत नाही. फक्त मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. दाराशी बसून शेंगदाणे फोडणाऱ्या बाईसाहेबांनी तर मुळीच नाही.

तर, सुट्टीतली सकाळ. वाचनालयाच्या मागच्या जिन्यावर तीन मुलं एका पुस्तकात डोकी खुपसून बसली होती. खार, तिचा धाकटा भाऊ ठेंगू आणि शेजारचा चष्मिस. मोठ्याने वाचत होता ठेंगू, कारण तसा करारच होता. ठेंगूला अक्षरं चटकन लागत नसत. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की बिचाऱ्याला दरदरून घाम फुटे. आजवर त्याने एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं.

मग त्याची फुसफुश्याशी गाठ पडली. फुसफुश्या म्हणजे असा ड्रॅगन, की ज्याच्या तोंडातून आगीऐवजी साबणाचे फुगे निघतात! राजाने त्याला हाकलून द्यायचं सोडून धोबीखात्यात नेमलेलं. सात भागांची मालिका. सहा भाग ठेंगूने ओळीखाली बोट धरधरून संपवले होते. हा सातवा, शेवटचा!

"'राक्षस वेशीवर येऊन थडकले,'" ठेंगू वाचत होता. "'फुसफुश्याने छाती भरून श्वास घेतला आणि...'"

"अरे, पान उलट, पान उलट!" खार ओरडली.

"'...गटाराचा उतार मुख्य नाल्याच्या दिशेने ठेवावा.'"

खारीने पान मागे उलटून पाहिलं.

"राक्षसांना गटारात ढकलत असेल," ठेंगू आशेने म्हणाला.

चष्मिसने पुढची पानं भराभर चाळली. झाकणं, जाळ्या, नळ, चिखल. शेवटपर्यंत हेच! फुसफुश्याचा मागमूस नाही.

तिघं धावत ग्रंथपालबाईंकडे गेली. बाईंनी पुस्तक पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"घ्या! आधीच अध्यक्षसाहेबांनी फर्मान काढलंय. पोरकट पुस्तकं रद्दीत द्या आणि त्या कपाटात परीक्षांची मार्गदर्शकं लावा! मी म्हटलं होतं, संच पूर्ण आहे, मुलं वाचतात, राहू द्या. आता अर्धवट संच घेऊन कोणत्या तोंडाने भांडू? उद्या रद्दीवाला येतोय बाळांनो."

ठेंगूने पानावरचं बोट मात्र काढलं नाही.

इतक्यात मोठ्यांच्या वाचनकक्षातून आवाज आला. खुसखुस. मग फसकन हसू! मग ते लपवायला खोटा खोकला.

तिघांनी दारातून डोकावलं. आत अध्यक्षसाहेब एकटेच बसले होते. निवृत्त न्यायाधीश! काय ते व्यक्तिमत्त्व! उंचेपुरे, देखणे, डोक्यावर दाट काळेभोर केस! (दाराशी कोणी खाकरलं का? नाही? बरं.) शेजाऱ्याशी नाल्यावरून त्यांचा वाद चालू होता, म्हणून ते रोज येऊन एक जाडजूड ग्रंथ वाचत: 'सांडपाणी नियमावली'.

"नियमावली वाचून कोणी हसतं?" खार कुजबुजली.

"बाई, हे पुस्तक हल्ली बाइंडरकडे गेलं होतं?" चष्मिसने विचारलं.

"हे आणि ती नियमावली, दोन्ही एकदमच गेली होती. का रे?"

पण ऐकायला कोण थांबतंय! तिघं गल्लीच्या टोकाला बाइंडरकाकांच्या दुकानात. काका जमिनीवर बसून पुस्तकं शिवत होते. भोवती सोळा-सोळा पानांचे गठ्ठे. त्यांना म्हणतात फर्मे.

"काका, पुस्तकं शिवताना तुम्ही वाचता का हो?"

"छे गं! वाचायला बसलो तर पोटावर पाय येईल. आम्ही पानांचे आकडे जुळवतो आणि शिवतो. मध्यंतरी पंखा लागला आणि सगळं उडालं, तरी आकड्यावरून बरोब्बर लावलं की नाही!"

"दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, आणि आकडेही तेच!" चष्मिस किंचाळला.

काकांनी जीभ चावली.

तिघं परत वाचनकक्षात. "साहेब, ते पुस्तक जरा देता?" खारीने अदबीने विचारलं.

"हा संदर्भग्रंथ आहे!" साहेबांनी पुस्तक छातीशी धरलं. "मुलांचं काय काम? पळा!"

मग खारीने डोळा मारला. तिघं शेजारच्या बाकावर बसली आणि खार मोठ्याने बोलू लागली. "तर शेवट असा. फुसफुश्याच्या तोंडातून अखेर आग आली! त्याने सगळे राक्षस जाळून टाकले. संपलं!"

साहेबांच्या भुवया हलल्या.

"आणि राजाने त्याला सेनापती केलं," चष्मिसने फोडणी दिली.

"साफ चूक!" साहेब ताडकन उठले. "त्याने एकालाही जाळलं नाही! अंघोळ घातली! जन्मात अंघोळ न केलेले राक्षस ते, अंग हलकं झाल्यावर तिथेच झो..."

आणि ते थांबले. जन्मभर इतरांची उलटतपासणी पाहिली, आणि सापडले कुणाच्या हाती? तीन पोरांच्या!

ग्रंथपालबाई दारात उभ्या राहून तोंडावर पदर धरून हसत होत्या.

साहेब हळूच खाली बसले. "मला फक्त शेवट सापडला," ते म्हणाले. "आठवडाभर तोच वाचतोय. सुरुवात कुठे आहे ते माहीत नव्हतं. आणि मुलांच्या कपाटापाशी जायला... कसंतरी वाटत होतं. पण का रे, एवढं काय आहे यात?"



"त्याला आग येत नाही ना," ठेंगू म्हणाला, "तरी सगळे त्याला ड्रॅगनच म्हणतात."

साहेबांनी खुर्ची सरकवून ठेंगूसाठी जागा केली. ठेंगूने पहिल्या भागापासून गोष्ट सांगितली. तोंडी, एकदाही न अडखळता! आणि शेवट त्याने त्या गटाराच्या पुस्तकातून स्वतः वाचला, बोट धरून, मोठ्याने. शेवटच्या ओळीवर बोट टेकलं तेव्हा बाइंडरकाकाही सुई-दोरा घेऊन येऊन उभे होते.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "संच पूर्ण! आता रद्दीचं काय साहेब?"

"कसली रद्दी? कपाट दारासमोर आणा!" साहेबांनी ठेंगूची पाठ थोपटली आणि आपल्या दाट काळ्याभोर केसांवरून ऐटीत हात फिरवत...

"केस? कुठले केस, आजोबा?" दाराशी शेंगदाण्याचं टरफल फुटलं. "तेव्हाही तुमच्या टकलात अख्खी खिडकी दिसत होती! मी आणि ठेंगू समोरच तर बसलो होतो!"