पन्नास पावलांची फेरी

"माझी बायको खोटं बोलत होती की हॉस्पिटलचा कागद, एवढंच मला सांगा," पोस्टमन म्हणाले.

ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बाकाच्या एका टोकाला ते बसले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मांडीवर हाताने शिवलेली कापडी पिशवी होती.

समोरच्या बाई पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायच्या. आता त्यांचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक दीर. दीर ट्रक चालवून निवृत्त झाला होता आणि घरी करमत नाही म्हणून वहिनींच्या मदतीला येऊन बसायचा. येणारेजाणारेही त्याला भावजीच म्हणत.

"पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या.

पोस्टमननी सांगितलं. बायको शिवणकाम करायची. हृदय कमजोर झालं होतं. हॉस्पिटलात एक संशोधन चाललं होतं. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड असे तिन्ही आजारांचे पेशंट घेतले होते. तीन महिने व्यायाम. व्यायामाआधी एकदा आणि नंतर एकदा लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायचं. किती मीटर चाललं ते लिहायचं. त्यावरून आणि इतर तपासण्यांवरून पुढच्या सहा महिन्यांत कोण पुन्हा आजारी पडणार, याचा अंदाज काढायचा.

"धोका असेल तर नाव लाल यादीत. मग दर आठवड्याला नर्स घरी येते. धोका नसेल तर हिरवी यादी. नर्स बंद. ही लाल यादीत होती. दुसऱ्यांदा चालली आणि हिरव्या यादीत गेली."

"आणि मग?"

"सहा आठवड्यांत गेली. आता तीन आठवडे झाले."

भावजींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पोस्टमननी तो हातात धरला, प्यायला नाही.

"ती म्हणायची, मला दम लागतोय. मी म्हणायचो, कागद बघ. आधी तीनशे मीटर, आता तीनशे तीस. तू सुधारलीस, आता कंटाळा करू नकोस. मी जन्मभर चाललेला माणूस. तिला रोज तीन मजले जिना चढायला लावला." ते थांबले. "मेहुणी म्हणते, दाजी, तुम्हीच मारलंत तिला. तिला काय सांगू?"

पिशवीतून त्यांनी एक वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची. छाती, कंबर, बाही. शेवटच्या पानावर तारखा घालून दोन ओळी होत्या.

*हॉस्पिटल, एक फेरी – ५० पावलं.*

*हॉस्पिटल, एक फेरी – ४३ पावलं.*

"तिला मोजायची खोडच होती," पोस्टमन म्हणाले. "बसमध्ये पुढच्या माणसाचे खांदेसुद्धा मनातल्या मनात मोजायची."

भावजी वाकून बघत होते. "अहो, म्हणजे पावलं कमी लागली! ढांगा मोठ्या झाल्या. सुधारल्याच की..." वहिनींकडे लक्ष गेलं आणि ते गप्प झाले.

"दम लागणारं माणूस ढांगा टाकतं का, भावजी?" बाई म्हणाल्या. "शिवणाची फीत आहे का तुमच्याकडे अजून?"

"मशीनवरच आहे. मी काही हलवलेलं नाही."

"ती उद्या घेऊन या."

*

मोठे डॉक्टर या संशोधनाचे प्रमुख होते. तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरला लागूनच त्यांची खोली. दुसऱ्या दिवशी पोस्टमनना बाहेर बसवून त्यांनी बाईंना आणि भावजींना आत घेतलं.

"वाईट झालं. पण अंदाज म्हणजे भविष्य नव्हे, बाई. शंभरात दोन-चार चुकणारच."

"बाकीचे कसे आहेत?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बेचाळीस जण हिरव्या यादीत गेले! आणि गंमत बघा, हृदय घ्या, फुप्फुस घ्या, मूत्रपिंड घ्या. तिन्ही आजारांत सरासरी सुधारणा सारखी. बरोबर एक पंचमांश. असं कुठेच झालेलं नाही. वैद्यकीय नियतकालिकाला लेख पाठवलाय आम्ही."

"पाठवून किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"तुम्ही स्वतः पेशंटना चालवता?"

"छे! माझी सावलीसुद्धा त्या चाचणीवर पडू देत नाही. उगाच कोणी म्हणायला नको की डॉक्टरनं आकडे फुगवले."

बाहेर आल्यावर भावजी कुजबुजले, "वहिनी, हाच. नाव याचं होणार ना."

"नाव व्हायचंय म्हणूनच तर जपून असतो माणूस. चला."

कॉरिडॉर सरळ होता. एका टोकाला जमिनीवर पिवळी पट्टी, दुसऱ्या टोकाला तशीच पट्टी. दोन्ही पट्ट्यांवर एकेक शंकू. अलीकडची पट्टी मळून करडी झाली होती, कडा झिजलेल्या. पलीकडची कोरी करकरीत. बाई गुडघ्यावर बसल्या. जुन्या पट्टीची टोकं सरळ कापलेली होती. नव्या पट्टीची टोकं करवतीसारखी दातेरी.

भावजींचे डोळे चमकले. "शिंप्यांकडे असते ती नागमोडी कात्री! वहिनी, हे पोस्टमनच्या घरातलं काम!"

"म्हणजे पोस्टमन इथे येऊन पट्ट्या चिकटवून गेले, आणि मग तपास करा म्हणून आपल्याकडे आले?"

"तसं नाही... पण कात्री तर..."

"कात्री ठेवा बाजूला."

चालण्याची चाचणी घेणारी फिजिओ तीन-चार महिन्यांपूर्वीच या जागेवर आली होती. गळ्यात दोऱ्याला स्टॉपवॉच, खिशातून डोकावणारी छोटी कात्री. ती सारखी डॉक्टरांच्या दाराकडे बघत होती.

"या दोन पट्ट्यांमध्ये किती अंतर आहे?"

"तीस मीटर. मी फेऱ्या मोजते, तिसाने गुणते, संध्याकाळी कागद खाली देते."

"तुम्ही स्वतः मोजलंय अंतर?"

"पट्टीपासून पट्टीपर्यंत तीस, असं आल्या दिवशी सांगितलं मला." ती जरा घुटमळली. "सध्या पेशंट चांगले चालत नाहीत. गेले पंधरा-वीस दिवस सगळेच ढेपाळलेत. उकाड्याने असेल."

"सगळेच? की हृदयाचे?"

"सगळेच."

शेवटच्या खिडकीपाशी सफाईवाल्या मावशी फडकं पिळत होत्या. भावजी पुढे सरसावले. "मावशी, फरशी आरशासारखी ठेवलीय हो."

"आता ठेवलीय. चार महिने ठेवता आली असती तर! ही एवढी मोठी लोखंडी कपाटं आणून ठेवली होती इथे. खिडकीपाशी जाताच येईना मला. पाठीमागे धूळ, झुरळं. ओरडून ओरडून घसा बसला, कोण ऐकतंय? आणि ती शिवणवाली ताई गेल्याचं कळलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कपाटं गायब."

"कुणी हलवली?"

"खालून चिठ्ठी आली. खालचीच कपाटं ती, कागदपत्रांची."

"त्या ताईंना ओळखायचात तुम्ही?"

"बाहीचं बटण तुटलं होतं माझ्या. चालायला आली होती ती. बसल्या बसल्या लावून दिलं." मावशींनी बाही पुढे केली. बटण घट्ट होतं.

*

खाली तळमजल्यावर एक गृहस्थ बसत, त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. संशोधनातले सगळे आकडे त्यांच्याकडे येत. कोण पुन्हा आजारी पडणार याचा अंदाज सांगणारा तक्ता त्यांनीच बनवला होता, आठ वर्षं खपून. खोलीत छतापर्यंत कागदांची खोकी रचलेली, प्रत्येकावर पिवळ्या चिकटपट्टीचा पट्टा. भावजींनी टेकायला टेबलावर हात ठेवला आणि ओरडले.

"चिकटपट्टी तोडायचं पातं आहे ते," आकडेवाले म्हणाले. "दात आहेत त्याला. सांभाळा."

"आधी सांगायचं की हो!" भावजी बोट चोखत म्हणाले.

"तुम्ही वर जाता का कधी?" बाईंनी विचारलं.

"पाऊलही टाकत नाही. माणसं बघितली की आकडे नीट बघवत नाहीत."

"तिन्ही आजारांत एकसारखी सुधारणा झाली म्हणे. डॉक्टर फार खूश आहेत."

आकडेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असतात योगायोग."

"पेशंट गेला तर पहिल्यांदा कुणाला कळतं?"

"कागद माझ्याकडे येतो."

"आणि गेल्या वीस दिवसांच्या चाचण्या? त्या कशा आहेत?"

"अजून आलेल्या नाहीत."

बाई उठल्या. "दुपारी चार वाजता सगळे वर कॉरिडॉरमध्ये या. फार वेळ घेणार नाही."

*

चार वाजता डॉक्टर, आकडेवाले, फिजिओ आणि मावशी भिंतीला टेकून उभे होते. पोस्टमननी शिवणाची फीत बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती भावजींना दिली.

"दीड मीटरची आहे. मोजा."

भावजी जमिनीवर रांगत निघाले. "सतरा... अठरा... गुडघे गेले माझे... एकोणीस... वीस! बरोबर तीस मीटर, वहिनी. आता?"

"आता मावशी, कपाटं कुठपर्यंत होती ते दाखवा."

मावशींनी पायाने दाखवलं. तिथे फरशीवर डिंकाचा एक पुसट चौकोन होता, पट्टीच्या आकाराचा. भावजींनी पुन्हा फीत लावली. "सोळा वेळा... आणि वर एक मीटर. पंचवीस."

डॉक्टर पुढे आले. "म्हणजे?"

"म्हणजे तुमचे पेशंट सुधारले नाहीत, डॉक्टर. तुमचा कॉरिडॉर आखडला. कपाटं आली आणि पट्टी पाच मीटर अलीकडे आली. फेऱ्या वाढल्या, पण गुणायचं तिसानेच. तीस आणि पंचवीस, यांतला फरक पाच, म्हणजे पंचविसाचा बरोबर एक पंचमांश. माणसाचं हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंड एकाच मापाने बरी होत नाहीत. जमिनीवरची फूटपट्टी चुकली तरच असं होतं."

बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून पुढे केलं.

"ताईंना हे अंगातून कळलं होतं. पहिल्यांदा फेरीला पन्नास पावलं, दुसऱ्यांदा त्रेचाळीस. दहा फेऱ्या तिसाच्या, म्हणजे तीनशे मीटर. मग अकरा फेऱ्या पंचविसाच्या, म्हणजे दोनशे पंच्याहत्तर. कागदावर तीस मीटर वाढले. खरे पंचवीस घटले."

पोस्टमननी वही बाईंच्या हातून परत घेतली.

"इथपर्यंत चूक होती," बाई म्हणाल्या. "चूक कुणाचीही होते. फिजिओ नवीन आली, तिला सांगितलं ते तिने केलं. पण ताई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी कपाटं हलली, पट्टी पुन्हा तिसावर आली. कुणाला तरी माहीत होतं. कुणाला?"

फिजिओ एकदम म्हणाली, "मी नाही लावली! सकाळी आले तर पट्टी पुढे गेलेली. मला वाटलं विचारावं, पण मी नवीन..."

"तुम्ही लावली असती तर खिशातल्या कात्रीने सरळ कापली असती. ही दातेरी आहे. आणि डॉक्टरांनी लावली असती, तर त्या एक पंचमांशाचा डांगोरा माझ्यासमोर पिटला नसता. ज्याला खरं माहीत आहे तो त्या आकड्यापासून लांब पळतो. चष्मा पुसतो. योगायोग म्हणतो." त्या वळल्या. "रोज संध्याकाळी खाली पोचणाऱ्या चाचण्या अजून आल्याच नाहीत, असंही म्हणतो. कारण त्या मोजल्या तर सगळेच पेशंट एका दिवसात घसरलेले दिसतील. कपाटं तुमची. मृत्यूचा कागद तुमच्या हातात पहिला आला. आणि ही पट्टी ज्यावर तोडली त्या पात्याचे दात आमच्या भावजींच्या बोटात अजून रुतलेले आहेत."

भावजींनी नकळत बोट वर केलं.

आकडेवाल्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. "एक पंचमांश बघितला तेव्हाच समजलं," ते हळू म्हणाले. "वर येऊन मोजलं. पण लेख गेला होता. आठ वर्षांचा तक्ता, आणि पहिल्यांदा सगळे म्हणत होते की तो बरोबर आहे. म्हटलं, उद्या सांगू."

"तेव्हा ताई जिवंत होत्या?"

"हो."

"पट्टी नीट केलीत. यादी का नाही नीट केलीत?"

 डॉक्टर तोवर आपल्या खोलीकडे धावले होते. लेख परत घेतो, समितीला कळवतो, सगळ्यांना लाल यादीत घेतो, असं ते फोनवर मोठमोठ्याने सांगत होते.

पोस्टमन बाईंजवळ आले. "म्हणजे ती खरं बोलत होती."

"हो."

"आणि मी ऐकलं नाही."

 

पोस्टमननी भावजींच्या हातून फीत घेतली. बोटांवर नीट गुंडाळली, बायको गुंडाळायची तशी, आणि खिशात ठेवली. मग डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बेचाळीसमधली एक गेली. एकेचाळीस राहिले. त्यांना कधी कळणार?"

"उद्या पत्रं टाकतो. काहींचे फोन नंबर चालत नाहीत..."

"टपालाने तीन दिवस लागतात. मला माहीत आहे." पोस्टमननी हात पुढे केला. "पत्ते द्या."

फिजिओने यादी छापून आणली. त्यांनी ती गल्लीप्रमाणे लावली, पेन्सिलीने खुणा केल्या. भावजींनी गाडीची किल्ली काढली. "लांबचे आपण गाडीने करू. चला."

पहिलं दार दोन रस्ते पलीकडे होतं. पांढऱ्या मिशांच्या एका गृहस्थांनी उघडलं. आतून कुणीतरी खोकत होतं.

"हॉस्पिटलातून आलोय," पोस्टमन म्हणाले. "घरच्या बाई कशा आहेत?"

"कागद तर म्हणतो बऱ्या आहेत. पण हिचं आपलं चालूच, दम लागतो, दम लागतो."

"कागद आत ठेवा," पोस्टमन म्हणाले. "आधी त्यांना विचारू. त्या काय म्हणतात ते."