बारा मार्चची दुपार

कॉम्प्युटर अगदीच म्हातारा झाला होता. चालू करून चहा टाकावा, उकळून, गाळून, पिऊन कपही धुवावा, तरी स्क्रीनवर ते गोल आपलं फिरतंच आहे! पर्वत पाटिया भागातल्या एका शेठच्या साड्यांचे फोटो वेबसाइटवर चढवायचं काम उज्ज्वला भेस्तानला सासरच्या एका खोलीत बसून करायची. शेठ आता पार वैतागला होता. शेवटी तिने ठरवलं, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची. त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नव्हती. लग्नानंतर नवऱ्याने, वाल्मिकने, हा कॉम्प्युटर जुन्यात घेऊन दिला, तेव्हा क्लासही लावून दिला होता.

वाल्मिक गेल्या वर्षी तेरा मार्चला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये वारला. रंगखात्यात वाफेची नळी फुटली. तेव्हापासून उज्ज्वला रडलीच नव्हती. लोक म्हणायचे, पोरगी दगड झाली. दगडबिगड काही नाही हो, दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं सगळं बधिर झालं होतं. सासू उषाबाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडून असायची. धड जेवायचीही नाही.

दुपारी उज्ज्वलाने पेनड्राइव्ह लावला. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं मशीनने विचारलं. तिने हो म्हटलं. पुसल्या जाणाऱ्यात वाल्मिकचे फोटोही होते. तरी तिच्या आत काही हललं नाही.

विंडोज आली. स्वच्छ निळा पडदा, कोपऱ्यात तारीख. आजचीच, बारा मार्च, पण साल गेल्या वर्षीचं. आतला सेल संपला की घड्याळ मागे जातं, हे तिला ठाऊक होतं. पण मग ते पार मशीन बनवलं त्या सालावर जातं. हे मधेच कसं थांबलं? असेल काहीतरी, म्हणून ती उठली.

उषाबाई ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती.

"आई, तुम्ही कशाला उठलात?"

"मंग? भुक्या उना ना तो पाळीवरतून."

बाथरूमला आतून कडी होती. आत बादलीत तांब्या बुडत होता, पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर खुंटीवर मिलचा शर्ट, घामाने ओला, रंगाच्या आंबूस वासाचा. खरं तर घाबरायला हवं होतं. तिला एवढंच वाटलं, आतला साबण संपलाय, नवा द्यायला हवा.

ती परत टेबलाशी आली. वेबसाइट उघडेना. तारीख चुकली की उघडतच नाही, म्हणून तिने सवयीने आजची तारीख टाकली.

पाण्याचा आवाज थांबला.

बाथरूमचं दार उघडं, फरशी कोरडी, खुंटी रिकामी. उषाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिच्या बोटांना ओलं पीठ तसंच चिकटलेलं.

उज्ज्वलाने पुन्हा गेल्या वर्षीची बारा मार्च टाकली.

बाथरूमला पुन्हा आतून कडी लागलेली. आतून खोकला आला.

"उज्ज्वला, टॉवेल दे गं."

कडी निघाली, दार किलकिलं झालं. तिने फटीतून टॉवेल दिला. त्याची ओली बोटं तिच्या हाताला लागली. गरम होती. आणि ती तिथेच, दाराला डोकं टेकून, ढसाढसा रडली.

दिवेलागण झाली. तो अजून बाथरूममधून बाहेर आला नव्हता. "उद्या सकायनी पाळी शे त्यानी," उषाबाई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "आज लवकर झोपू दे."

उद्या. म्हणजे तेरा.

शेठचा फोन वाजत राहिला. उज्ज्वलाने उचलला नाही. काम गेलं खड्ड्यात, वाल्मिक तेवढा मिलमध्ये जायला नको! रोज बाराच तारीख टाकत बसायचं? आणि एखाद्या दिवशी लाइट गेली तर? त्यापेक्षा तो मिलला लागायच्याच आधी जाऊ. तेव्हा तो दुकानात साड्यांच्या घड्या घालायचा. पगार बेताचा, पण जीवाला धोका नाही. तिने साल मागे नेलं. अजून मागे नेलं. ओके दाबलं.

बाथरूमचं दार उघडलं.

वाल्मिक बाहेर आला. दाट केस, कोवळी मिशी. तिला पाहून तो थबकला, ओशाळला आणि घाईघाईने शर्ट अंगात घालू लागला.

उषाबाईने पाण्याचा पेला पुढे केला. "पानी पे, माय. कोनाकडे उनी तू?"

तेव्हा कुठे उज्ज्वलाच्या डोक्यात उजेड पडला. मिलची नोकरी पक्की झाली, म्हणून तर बापाने तिला या घरात दिली होती.

ती तारीख बदलायला गर्रकन वळली.

टेबल नव्हतं. त्या कोपऱ्यात पिठाचा डबा होता, आणि भिंतीला टेकवलेली वाल्मिकची सायकल.