दहा नंबरचा बिल्ला

चहा घ्या हो, गार होईल. आणि पाय जरा शेगडीकडे करा, बूट ओले ठेवलेत तर उद्या चौथ्या दिवसाच्या उतरणीवर टाचा सोलून निघतील आणि मग शिव्या मलाच द्याल. बाकीची मंडळी आत आडवी झाली वाटतं? झोपू दे. दिवेलागण नुकतीच झालीये, पण काळ्या पठारावरून आलेला माणूस बसल्या बसल्या घोरतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

तुम्ही मघाशी विचारलंत, सगळे आत आले, दार लागलं, तरी बाहेर ती पोरगी घंटा का वाजवतेय? मी हसण्यावारी नेलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. बरं, सांगतो. पण मधे 'अहो, भास झाला असेल' असं म्हणायचं नाही, तेवढं पथ्य पाळा.

आधी हा बोर्ड बघा. आपल्या चारही निवाऱ्यांत असाच लाकडी बोर्ड आहे, असेच खिळे. सकाळी निघताना ज्याने त्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, पुढच्या निवाऱ्यात पोचलं की आपल्या हाताने खिळ्यावर लावायचा. धुकं असलं की रखवालदार घंटा वाजवत राहतो. बोर्ड भरला की घंटा बंद. भरलेला बोर्ड म्हणजे सगळे सुखरूप, मग पुढे चौकशी नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी तुमच्या कानीकपाळी ओरडलो, आपला बिल्ला आपल्याच हाताने लावायचा. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा कटकट्या आहे.

आज वाटेत पाहिलंत ना, दोन्हीकडे जमीन कशी आहे ती? वर करड्या राखेचा पापुद्रा, खाली उकळता चिखल. पांढरे खुंट ठोकलेत त्यांच्या मधून चाललात तर काही नाही. खुंट सोडून चार पावलं गेलात तर मग देवच वाली. ज्वालामुखी झोपलाय म्हणतात, पण पोटात त्याच्या अजून खदखद चालू असते.

वीस वर्षांपूर्वी पुढे मी चालायचो आणि सगळ्यात मागे माझा धाकटा भाऊ. माझा नंबर एक, पाहुण्यांचे दोन ते नऊ, त्याचा दहा. शेवटच्या माणसाचं काम मागे रेंगाळणाऱ्यांना पुढे घालायचं आणि पडलेले खुंट उभे करायचे. कामात तो माझ्यापेक्षा चोख होता, हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणून काय उपयोग?

त्या दिवशीही असंच दुपारपासून धुकं. या निवाऱ्यापासून पाऊण तासावर होतो. तो मागून झपझप चालत माझ्यापाशी आला आणि पाहुणे घाबरू नयेत म्हणून कानात म्हणाला, "दादा, मागचा एक खुंट आडवा झालाय. उभा करून येतो. तू थांबू नकोस, घंटेच्या आवाजावर येईन मी." आणि खिशातून बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "हा ठेव तुझ्याजवळ. खिसा फाटलाय, वाकलो की पडेल." उजव्या खिशाचं अस्तर बाहेर लोंबत होतं. मी म्हटलं, "बायकोला सांग की शिवायला." तो म्हणाला, "तिनेच सांगितलंय मला शिवायला," आणि हसत मागे गेला.

आम्ही इथे पोचलो. पाहुणे गारठलेले, एकाच्या पायात गोळे आलेले, दुसऱ्याची सॅक भिजलेली. माझं लक्ष दहा ठिकाणी. पाहुण्यांनी बिल्ले लावले. मी खिशात हात घातला, दोन बिल्ले हाताला लागले, दोन्ही लावले. एक आणि दहा. काही मनात नव्हतं हो... हाताला सवय असते, तसे लावले. रखवालदार बाहेरून डोकावला, बोर्ड मोजला, दहाच्या दहा. घंटेची दोरी बांधून तो सूप गरम करायला गेला.

वीस मिनिटांनी मी मागे वळून म्हटलं, "धाकट्या, तो टॉवेल फेक रे." कोणी फेकला नाही. तेव्हा मी बोर्डाकडे पाहिलं. दहाचा बिल्ला, मीच लावलेला.

मग रात्रभर घंटा वाजवली. तीन दिवस शोधलं. एक खुंट नीट उभा केलेला सापडला, बुंध्याशी दगड ठोकलेले. बाकी काही नाही.

चौकशी झाली तेव्हा रखवालदाराने खरं तेच सांगितलं, "बोर्ड भरला होता, मी स्वतः मोजला." मग सगळ्यांनी ठरवून टाकलं, तो आला होता, बिल्ला लावून पुन्हा एकटाच बाहेर गेला. धुक्यात. स्वतःच्या मूर्खपणाने. कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, "असंच ना?" मी म्हटलं, "असंच असेल." एवढंच बोललो, आणि पुढे एकोणीस वर्षं मूग गिळून बसलो. रखवालदाराला लोक तोंडावर म्हणायचे, दारातून माणूस आला आणि गेला, तू काय झोपला होतास? तेही मी ऐकून घेतलं.

धाकट्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बारकी म्हणतात तिला, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीये तरी बारकीच. हो, तीच ती, बाहेर घंटा वाजवतेय. लहानपणी ती एकच प्रश्न विचारायची. "काका, बाबा घरी यायच्या आधी निवाऱ्यात आले होते ना? मग परत का गेले? मी आठवले नाही का त्यांना?" काय सांगणार होतो मी? तिच्या पुस्तकांना कव्हरं घातली, तिला सायकल शिकवली, पहिले बूट मी आणले. जे सांगायचं ते सोडून सगळं केलं.

गेल्या वर्षी तिने परवाना काढला आणि बापाच्या जागेवर शेवटची चालायला लागली. मी नाही म्हणून पाहिलं, तिच्या आईने रडून पाहिलं. ऐकेल तर शपथ! दहा नंबर मात्र आम्ही तेव्हापासून कुणाला दिला नव्हता. तो बिल्ला मी लावला त्याच खिळ्यावर, या बोर्डावर, एकोणीस वर्षं तसाच होता. बारकीचा नंबर अकरा. धुक्यात मोजणी करताना आम्ही नऊवरून थेट अकरावर यायचो.

आता नीट ऐका. तिची ती तिसरीच खेप. ढळढळीत दुपार, पण धुक्याने पुढचा हात दिसेना. गंधकाचा वास नेहमीपेक्षा जास्त, घशात चिकटणारा. वाफेचा फस्स आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून. लांबून घंटा ऐकू येत होती. मी थांबून हाक दिली, "एक!" मागून एकेक आवाज येत गेला. दोन, तीन, चार... आठ. नऊ नंबरवर एक शाळेच्या बाई होत्या, त्या खणखणीत ओरडल्या, "नऊ!"

"दहा."

पुरुषाचा आवाज. शांत, जरासा दमलेला. आणि मग बारकी, "अकरा!"

पाहुण्यांना काय माहीत, त्यांच्या हिशोबी नऊनंतर दहाच यायला हवा. मी मात्र गर्रकन वळून ओरडलो, "बारके, तुझ्या पुढे कोण आहे?"

"कोणीतरी... पुरुष आहे काका. खुंट आडवा झाला होता, तो उभा करत होते. आता पुढे चाललेत." मग जरा वेळाने, हळू आवाजात, "त्यांचा खिसा फाटलाय. अस्तर बाहेर आलंय."

मी हे खिशाचं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिलाच काय, जगात कुणालाच नाही.

पाहुण्यांना मी होते तिथे दोराला धरून बसवलं आणि मागे धावलो. बाईंपाशी पोचलो. त्यांच्या मागे वाट रिकामी. खुंट सरळ उभा, बुंध्याशी दगड ठोकलेले, दगडांवरची राख ओली. बारकी नव्हती.

"बारके!"

"अकरा..." आवाज बाजूने आला. खुंटांच्या पलीकडून. पापुद्र्यावरून.

"थांब तिथेच! हलू नकोस!"

"ते चाललेत ना काका... ते पाय टाकतात तिथेच मी टाकतेय..."

तेवढ्यात घंटा बंद झाली.

तुम्ही धुक्यात कधी असे उभे राहिला नाहीत, तुम्हाला कसं कळणार? घंटा आहे तोवर जगाला एक दिशा असते. ती गेली की पुढे काय, मागे काय, सगळं सारखंच. आणि मला कळलं, माझा भाऊ असाच उभा राहिला होता. खुंट उभा करून, हात झटकून, घंटेकडे कान लावून. ती का थांबली, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसणार. त्याला वाटलं असेल, दादा आहे ना तिथे, वाजेल आत्ता.

मी गुडघ्यावर बसलो आणि बोंब ठोकल्यासारखा ओरडलो. "धाकट्या! तू आलाच नव्हतास रे! तुझा बिल्ला मी लावला! माझ्यामुळे घंटा थांबली... आणि मी कुणाला बोललो नाही. पोरीला सोड. तिचा काही दोष नाही. मला ने हवं तर, पण तिला सोड!"

किती वेळ गेला, माहीत नाही. वाफसुद्धा थांबल्यासारखी वाटत होती. आणि मग घंटा पुन्हा सुरू झाली. दोन खुंटांच्या मधून बारकी बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर. गुडघ्यापर्यंत राख, चेहरा पांढराफटक. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो पडला, पण क्षणभरच. कारण तिने सगळं ऐकलं होतं.

मी विचारलं, "ते... कुठे गेले?"

"तुम्ही ओरडलात तेव्हा थांबले," ती म्हणाली. "सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला होऊन वाट दिली आणि तुमच्याकडे आले." ती माझ्या खांद्यामागे बघत होती. मी वळलो नाही. नाही झाली हिंमत.

निवाऱ्यात आल्यावर मी रखवालदारासमोर, तेव्हाचाच तो, पुन्हा सगळं सांगितलं. मी विचारलं, मधे घंटा का थांबवलीस? तो म्हणाला, "दोरी हातातून सोडलीच नाही मी." पाहुण्यांनाही ती सारखी ऐकू येत होती. आणि बिल्ल्याचं ऐकून तो म्हातारा माणूस ढसाढसा रडला. म्हणाला, "एकोणीस वर्षं मी डोकं फोडतोय, तो आला तर मला दिसला कसा नाही?"

मग बारकी म्हणाली, "बोर्ड बघा."

दहाच्या खिळ्यावर बिल्ला नव्हता. खिळ्याभोवती लाकडावर गोल पांढरट डाग तेवढा राहिला होता, तो अजून आहे, बघा. मी माझा बिल्ला लावायला खिशात हात घातला आणि हाताला दोन लागले. एक माझा. दुसरा दहा नंबरचा, आत्ता शेगडीवरून काढावा इतका गरम.

मी हात पुढे केला तशी बारकीने माझं मनगट धरलं. "लावायचा नाही," ती म्हणाली. "बाबा अजून आले नाहीत. बोर्ड भरलेला नाही." आणि बाहेर जाऊन तिने रखवालदाराच्या हातातून दोरी घेतली.

तेव्हापासून हे असं आहे. धुकं असलं की घंटा तिची. मला दोरीला हात लावू देत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. काका म्हणायची, आता तुमच्यासारखं 'साहेब' म्हणते. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण वाईट वाटायचं ते वाटतंच हो, रोज वाटतं.

हा बघा तो बिल्ला. एरवी गार असतो, धुक्यात कोमट होतो. धरा... चटका बसला ना? आज जेवताना मांडीला भाजायला लागला. इतका कधीच झाला नव्हता. वाटेतला एक खुंट आज मला थोडा कलल्यासारखा वाटला होता, पण पाहुणे दमले होते, म्हणून थांबलो नाही.

काय हो, बारकी घंटा वाजवतेय ना अजून? तुम्हाला येतेय ऐकायला? सारखी?

मला नाही येत... बराच वेळ झाला.

नाही नाही, तुम्ही बसा. चहा संपवा. मी तो खुंट सरळ करून येतो, आणि ज्याचा बिल्ला त्याच्या हातात देतो. हा माझा मात्र तुमच्याजवळ ठेवा, एक नंबरचा. वाकताना पडायला नको. आणि एवढं लक्षात ठेवा, मला कितीही उशीर झाला तरी तो बोर्डावर लावू नका.