निकानोराचं मागणं

“मार वहिनी! घाल घाव! पळून पळून दमलो मी!” असं म्हणत क्रेसेन्सियोनं आपला कोयता निकानोराच्या पायांपाशी टाकला, नि जपमाळ म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडचं पाणीच पळालं!

जमिनीवर चुन्यानं आखलेला तिच्या नवऱ्याचा, हिलारियोचा क्रूस… मयताचा आज नववा दिवस, प्रार्थना संपवून, चुना ताटात भरून तो उचलायचा होता. आणि ज्यानं जत्रेत मेस्काल दारूच्या नशेत सख्ख्या भावाच्या पोटात हाच कोयता खुपसला, तो डोंगरातून उतरून दारात उभा! काय म्हणावं या निर्लज्जपणाला? निकानोराच्या विदीर्ण काळजात वणवा पेटला. इतके दिवस तिचे ओठ जपमाळेवर हलत होते खरे, पण अंतःकरणात एकच आक्रोश होता: देवा, त्याला माझ्या हाती दे!

आणि दिला की देवानं!

तिनं कोयता उचलला. “कुत्र्या! माझा नवरा खाल्लास, आणि आता तोंड दाखवायला आलास?” ती किंचाळली, नि सगळ्या ताकदीनिशी घाव घातला… पण मध्ये आली ती सासू! म्हाताऱ्या पेत्रोनिलाच्या दंडातून रक्ताची धार लागली, खालचा चुना लाल झाला. बायका ओरडत भिंतीला चिकटल्या.

“आई, बाजूला व्हा! हिलारियो तुमचा कुणी नव्हता का? खुन्याला पाठीशी घालता?”

“नाही गं पोरी…” पेत्रोनिला जखमी दंड घट्ट धरून म्हणाली. “आईचा हात आपसूक आडवा गेला, एवढंच. हिलारियो तडफडत होता तेव्हा मी देवाशी भांडले, नवस बोलले, वाचवच म्हणून हटून बसले. तो गेला. आता हा राहावा म्हणून नाही मागणार. देवाला हुकूम सोडून दमले गं मी! ‘देवा, तुझी इच्छा पूर्ण होवो,’ एवढंच म्हणते… तेही नीट म्हणता येत नाही बघ.”

आणि ती माउली खरोखरच बाजूला सरली! रक्ताळलेले तळवे वर करून, डोळे मिटून उभी राहिली.

निकानोराचा पुन्हा उगारलेला हात वरच्या वर राहिला. समोर मान खाली घातलेला दीर, आड कुणी नाही… मागितलं ते सगळं मिळालेलं! मग छातीत ही पोकळी कसली? इतके दिवस आपणच बडबडत होतो. देवाला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही! तिला हुंदका फुटला, नि कोयता हातातून गळला.

मग आपली काळी शाल फाडून तिनं सासूचा दंड बांधला, आणि चुना भरायचं ताट दिराकडे सरकवलं. बायकांत कुजबुज झाली. क्रूस उचलणारा त्या घराचा सोयरा होतो, जन्मभराचा! खुन्याला हा मान?

“या हातांनी, वहिनी?” त्याला रडू आवरेना.

“त्याच हातांनी! भावाला आडवं केलंस, आता उचल त्याला.” तिचा आवाज अजून चिरका होता. “मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ते अजून जमत नाही मला. पण उद्या शेतावर ये, हिलारियोचा मका तसाच उभा आहे… आणि जेवायला घरी ये.”

पेत्रोनिला तिथंच मटकन बसली, आणि हिलारियो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.