जोर चौथ्यावर

त्या कामात माझा फायदा तिहेरी होता: गार खोली, बसून काम, आणि आईच्या ‘हिच्या नाकावर सदा राग’ या पालुपदापासून रोज चार तास सुटका. बोलक्या शब्दकोशासाठी इंग्रजी शब्द मोठ्याने वाचायचे, एवढंच. नुकसान कुठे दिसत नव्हतं. ते काचेपलीकडे हेडफोन लावून बसलं होतं.

पहिल्याच दिवशी दारात त्याचा धक्का लागला आणि माझे कागद जमिनीवर पसरले. मी फाडफाड बोलले. तो शांतपणे म्हणाला, “आवाज स्वच्छ आहे. आता आत जाऊन बोला, मीच ध्वनिमुद्रण करतो.”

तिसऱ्या आठवड्यात तो शब्द आला — इरॅसिबिलिटी.

“म्हणजे काय हो?”

“चिडकेपणा. तुम्हाला सरावाची गरज नाही.”

“टोमणा?”

“छे... कौतुक.” त्याने काचेवर पेन्सिलीने सहा टिचक्या मारल्या, चौथी जोरात. “सहा तुकडे. नुसतं ‘इरॅसिबल’ म्हणताना जोर दुसऱ्यावर. मागे ‘इटी’चं शेपूट लागलं की तो सरकतो चौथ्यावर, ‘बि’वर.”

“सून आली की घरातला जोर सरकतो, तसा!”

तो हसला... आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तिथली रीत अशी, की वाचन नापास झालं की शब्द यादीच्या तळाशी. माझा हा शब्द रोज तळाशी जाई. “जोर हुकला,” तो म्हणे. बाकी यादी संपली, हाच उरला. तो पास झाला की माझं काम संपणार — आणि ती पेन्सिलीची टकटकही. घरी मी तो शब्द आरशासमोर घोकायची, आणि मनात म्हणायची, उद्याही नापास होऊ दे.

शेवटी स्टुडिओच्या मालकीणबाई स्वतः माझी वाचनं ऐकायला बसल्या. “अरे, नऊच्या नऊ बरोबर आहेत! पोरीचा घसा कशाला फाडतोस?”

तो कानापर्यंत लाल झाला. “पास केला असता तर... उद्या त्या आल्या नसत्या.”

मी चिडायला तोंड उघडलं, पण राग येईचना. “मग सरळ विचारायला काय झालं होतं?”

“विचारतो... याल?”

बाईंनी दिलेली शिक्षा म्हणून त्याचे पाच रविवार कामात गेले. पाचही रविवारी मी बाहेरच्या बाकावर बसून होते.

लग्नाला तीस वर्षं झाली. शब्दकोशातला माझा आवाज अजून विशीतलाच आहे. त्याचे कान मात्र थकले. “अहो, चहा झालाय!” मला चारदा म्हणावं लागतं. माझा पारा चढलेला दिसला की तो टेबलावर सहा टिचक्या मारतो आणि मिश्कील हसतो. तेव्हा ऐकू येऊनही नापास करायचा. आता खरंच येत नाही.

त्याने भरले ते पाच रविवार. बाकी सगळं मीच भरतेय — रोज, चार-चारदा. जोर चौथ्यावर.