तांबडा दिवा, हिरवा दिवा

"टेबलाखाली काय लपवलंय?"

हा त्याचा पहिला प्रश्न. ना नमस्कार, ना हवापाण्याची चौकशी.

"दुसऱ्याच्या कामात खुपसलेली नाकं," मी म्हणाले. "गोळा करते मी."

तो हसला... आणि कानापर्यंत लाल झाला. गडी उंच, सदऱ्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, केसांवर पावसाची भुरभुर. शेजारचंच टेबल त्याचं होतं. नाव ऑरिन टीग. मी व्हर्ना.

ओहायोतल्या लायमा गावच्या जत्रेच्या मैदानावर दर जूनमध्ये रेडिओवाल्यांचा बाजार भरायचा. पॉप, म्हणजे माझे वडील, गेले त्या वर्षी त्यांचा सगळा पसारा मी एकटीनं तिथं मांडला होता. सगळा, पण एक रिसीव्हर सोडून. तो त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेला. मी आठवीत शाळा सोडली. पण पॉप जोडणी करायचे तेव्हा सोल्डरची तार मी धरायचे, आणि मोर्सच्या सांकेतिक भाषेची टिकटिक मी याच रिसीव्हरवर ऐकून शिकले. पॉप गेल्यावर माझा भाऊ ल्यूथर मोठा शहाणा, त्यानं तो ट्रकच्या बॅटरीला लावला. ठिणगी, धूर, आणि सगळं चिडीचूप. तेव्हापासून तो माझ्या एप्रनमध्ये गुंडाळलेला, आणि आज तसाच टेबलाखाली. पुन्हा वीज द्यायची माझी छाती होत नव्हती. जळला असता तर पॉप दुसऱ्यांदा गेले असते.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे. त्याचे डोळे तसे होते... ऐकणारे.

"मी बघू?" तो हळूच म्हणाला.

"हात लावलात तर हात मोडीन."

"मग तुम्हीच करा. मी नुसता सांगतो."

हे मात्र मला नवीन होतं. त्या मैदानावर बाईमाणसाच्या हातचं काम काढून घेणारे पुष्कळ. काम हातात देणारा हा पहिलाच. त्यानं आपला पॉवर सप्लाय माझ्यापुढं सरकवला. करड्या रंगाचा डबा, दोन नॉब, दोन काटे, दोन बारके दिवे. घरीच बनवलेला होता, पण सोल्डरचे टाके असे साफ की माझ्या आईच्या गोधडीनं मान खाली घालावी.

"डावा नॉब व्होल्टेजचा. बारावर आणा. उजवा करंटचा, तो पार खाली. आता तारांच्या टोकांचे दोन्ही चिमटे एकमेकांना लावा."

"वेड लागलंय? ल्यूथरनं असंच काहीतरी केलं होतं!"

"बॅटरीला थांब म्हणणारं कुणी नसतं. मागणारा वेडा असला तरी ती सगळं देऊन टाकते. याला थांबता येतं. लावा तर खरं."

डोळे मिटून लावले. ठिणगी नाही, काही नाही. तांबडा दिवा लागला. व्होल्टेजचा काटा शून्यावर निजला. मी उजवा नॉब हळूहळू फिरवत करंटचा काटा दीडशे मिलिअँपवर आणला.

"झालं. आता आत काहीही बिघडलेलं असो, याच्यापुढं थेंबभर करंट जायचा नाही."

चिमटे सोडले, पॉपच्या रिसीव्हरला लावले. एक चिमटा दोनदा निसटला. त्यानं ते पाहिलं. पण हात पुढं केला नाही. नुसता वाकून माझ्यावरची ताडपत्री पुढं ओढली, पाऊस लागू नये म्हणून.

तांबडा दिवा पुन्हा लागला. काटा शून्यावर.

"मेला," मी म्हणाले.

"नाही. आत कुठंतरी शॉर्ट आहे. तो मागतोय, डबा देत नाहीये. पण जळलं काहीच नाही, बघा... धूर नाही, वास नाही."

मग मी झाकण उघडलं. ती जोडणी मला तोंडपाठ होती. तारा आत शिरतात तिथंच एक डायोड करपलेला दिसला.

"हा पॉपनी मागाहून घातला होता. कशाला, ते बोलले नाहीत."

ऑरिननं वाकून पाहिलं. "शॉर्ट इथंच आहे. कुणी तारा उलट्या लावल्या तर घाव आपल्या अंगावर घ्यायचा, एवढंच याचं काम. मेला खरा, पण आतलं वाचवून गेला असेल."

मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही. "पॉप ल्यूथरला ओळखून होते!"

मी पक्कड घेऊन तो डायोड कापून काढला. चिमटे लावले. या वेळी हिरवा दिवा! काटा ऐटीत बारावर. खरखर... आणि तिच्यातून बारीक टिकटिक. मी आवाज वाढवला, तर तांबडा दिवा फडफडला आणि आवाज घुसमटला.

"आता थोडी मर्यादा वाढवा," ऑरिन म्हणाला. "ही मागणी खरी आहे."

"जास्त ढकललं गेलं तर?"

"हा ढकलत नाही हो. लागेल तेवढंच रिसीव्हर ओढतो. नॉब फक्त सांगतो, याच्यापुढं नाही."

वाढवली. टिकटिक मोकळी झाली.

"कॅनडातला म्हातारा आहे," मी ऐकत म्हणाले. "गुडघा दुखतो म्हणतोय. टोमॅटो लावलेत."

ऑरिन माझ्याकडं बघतच राहिला. "एवढ्या वेगात? माझ्याकडं रेडिओचं लायसन्स आहे, तरी मला निम्मंही कळत नाही!"

"मग शिका. आता हा तांबडा दिवा तुमच्या कानांवर का लागलाय?"

दुपारभर मी त्याला बीटाच्या रसात मुरवलेली उकडलेली अंडी खायला घातली आणि टिकटिक वाचून दाखवली. सगळे आवराआवर करू लागले तरी तो तिथंच. टोपी फिरवत उभा.

"डबा विकत देता?" मीच विचारलं. "रिसीव्हरला लागेल."

"नाही."

"का? मी चोर दिसते?"

"बाजाराचा नियम आहे ना... विकलेला माल परत घ्यायचा नाही." त्यानं एक खोल श्वास घेतला. "तर, व्हर्ना, विकत नाही. उसना देतो. म्हणजे तो न्यायला मला... यावं लागेल."

मी मान खाली घालून दोन्ही नॉब उगाच पुसले.

"रविवारी या," मी म्हणाले. "चर्चनंतर. आणि भूक घेऊन या."

आला. पुढच्या रविवारीही आला. प्रत्येक वेळी दारातच म्हणायचा, "डबा न्यायला आलोय."

सत्तेचाळीस वर्षं झाली. डबा माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर आहे, आणि न्यायला आलेला माणूस आत्ता टेबलाशी बसून अंडी सोलतोय.